आधी मालक, मग बैल

करंजवाडीच्या आबाजींना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक त्यांचा कापशा बैल आणि दुसरा त्यांच्या आवाराचा ढाळ.

बैलाचा अभिमान कुणालाही समजेल. कापशा खिलार जातीचा, नावासारखाच पांढराफेक, आणि भाद्रपदातल्या पोळ्याला गावच्या वेशीतून पहिला जाण्याचा मान आबाजींच्या घरच्या बैलाचा. ढाळाचं मात्र थोडं समजावून सांगावं लागेल. चाकणला कंपन्या आल्या तेव्हा करंजवाडीत सगळ्यांनी जे केलं तेच आबाजींनी केलं. थोडी जमीन विकली, बंगला बांधला आणि उरलेल्या जमिनीवर पत्र्याचे गाळे काढून भाड्यानं दिले. एका गाळ्यात लेथ, एकात टेम्पोचं गॅरेज, एकात जुन्या पिंपांचा धंदा. समोरचं सगळं आवार काँक्रीटचं. ते ओतलं जात असताना आबाजी छत्री घेऊन गवंड्याच्या उरावर बसले होते, आणि ढाळ असा काढून घेतला होता की पावसाचा थेंब म्हणून आवारात थांबायचा नाही. लोखंडाचा कीस, सांडलेलं ऑईल, गुटख्याच्या पुड्या, सगळं सोबत घेऊन पाणी सरळ रस्त्याच्या पावसाळी गटारात जायचं.

"झाडूवाला कशाला पायजे?" आबाजी म्हणत. "वरुणराजा फुकटात झाडून देतो."

आल्या पाहुण्याला चहाच्या आधी ढाळ पाहावा लागे. आबाजी बादलीभर पाणी ओतून दाखवत आणि पाणी गटारात पडेपर्यंत त्याच्या मागोमाग चालत. पुढं ते पाणी कुठं जातं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. आपल्या फाटकाबाहेरचं जग सरकारचं, असं त्यांचं सरळ गणित होतं.

यंदा आषाढात दोन दिवस झड लागून उघडीप झाली, तेव्हा आबाजी कापशाला धुवायला करंज ओढ्यावर घेऊन गेले. पांढरा बैल पाण्यात शिरला आणि बाहेर आला तो राखी रंगाचा. पोटावर तेलाचा पट्टा होता आणि त्यात मोराच्या पिसाऱ्यासारखे रंग चमकत होते. आबाजी घाशीत राहिले तसा बैल आणखी काळा होत गेला. एवढ्यात पुलावरून चिमाजींचा आवाज आला. चिमाजी म्हणजे आबाजींचे चुलतभाऊ. त्यांच्या बैलाचा मान दुसरा, आणि तो पहिला कधी होतो याची ते तरणे होते तेव्हापासून वाट पाहत होते.

"आबा, कापशा कुठं सोडलास? अन् ही कुणाची म्हस धुतोयस?"

त्या दिवशी आबाजी घरी जाऊन जेवले नाहीत. गोष्ट थट्टेची नव्हती. मानाचा बैल करंज ओढ्यातच धुतला पाहिजे, ही करंजवाडीची रीत. नळाचं पाणी, टँकरचं पाणी चालत नाही. आणि ओढ्यातून बैल असा निघाला तर वेशीतून काळं जनावर पहिलं न्यायचं, नाहीतर मान चिमाजीला द्यायचा. आबाजींना यातलं काहीही पाहण्याआधी डोळे मिटले तर बरे, असं वाटत होतं. त्या रात्री ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून गोठ्यात बसून राहिले. माणसाला वाईट वाटतं तेव्हा वाटतंच.

दुसऱ्या दिवशी भैरवनाथाच्या देवळात गावकी बसली. आबाजी तापलेलेच होते. कंपन्यांना शिव्या देऊन झाल्या, टँकरवाल्यांना देऊन झाल्या, मग त्यांनी उठून देवळाची घंटा बडवली आणि सगळ्यांच्या देखत आण घेतली.

"ज्याच्या आवारातलं त्याल माझ्या बैलाला लागलं, त्यो सापडला की सोडायचा न्हाई. पोळ्याच्या दिशी त्यानं नवंकोरं पांढरं धोतर नेसायचं अन् समद्या बैलांच्या आधी वढ्यात उतरायचं. बैलाच्या घासणीनं त्याला गावानं घासायचा. आधी मालक, मग बैल! भैरवनाथाची आण हाय!"

देऊळ टाळ्यांनी दुमदुमलं. सगळ्यात जोरात टाळ्या चिमाजींच्या होत्या.

"घासायला मी हाय," ते म्हणाले. "काथ्याची नवी घासणी आणतो."

झालं. आता उरला फक्त चोर शोधायचा. आबाजींनी सुनेला बरोबर घेतलं. दिपाली चाकणच्या एका कंपनीत सुरक्षा विभागात होती. तिथं मशिनखाली तेलाचा थेंब पडला तरी त्याची विचारपूस होते, त्यामुळे तिला अशा गोष्टींची नजर होती. रविवारी पावसाची एक जोरदार सर आली आणि सासरा-सून छत्र्या घेऊन ओढ्याच्या काठानं वर निघाले.

एका मोरीतून रंगीत तवंग ओढ्यात उतरत होता. त्या मोरीपासून ते गटाराच्या कडेनं चालू लागले. प्रत्येक फाटकापाशी आबाजी थांबत आणि त्या फाटकाच्या मालकाचा उद्धार करत. दिपाली वाकून पाहायची आणि म्हणायची, "नाही आबा, इथलं पाणी गढूळ आहे, पण तेल नाही. अजून वरून येतंय."

असं करत करत एका वळणावर तवंग एकदम दाट झाला. एका आवारातून पाणी नुसतं धावत येत होतं, काळं, चकचकीत, वर लोखंडाच्या किसाची चांदी. आबाजी फाटकाला पाठ करून गटारात पाहत उभे होते. त्यांचा संताप अनावर झाला.

"बघ, बघ कसं सोडलंय! लाजलज्जा न्हाई. हरामखोरानं ढाळ तरी बघ कसा काढलाय, थेंब थांबत न्हाई!"

दिपाली वर पाहत होती. आबाजींनीही मान वर केली. फाटकावर मोठी पाटी होती, 'आबाजी इंडस्ट्रियल इस्टेट', आणि पाटीवर हात जोडून हसणारा त्यांचाच फोटो होता.

ते इतक्या वर्षांत गटाराच्या वाटेनं आपल्या दारात कधी आलेच नव्हते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आबाजी रोज कुणा ना कुणाला ऐकवत असत. आज ती त्यांना कुणी न ऐकवताच ऐकू आली.

"दिपा," पाटीकडं पाठ फिरवून ते म्हणाले, "घरी बोलू नगंस."

"मी नाही बोलणार, आबा. पण पाऊस बोलेल की."

घरी मात्र शालनबाईंना नवऱ्याचा चेहरा पाहूनच सगळं कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो चेहरा एवढा पडलेला दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा बैलच आजारी होता. त्या एवढंच म्हणाल्या, "पांढरं धोतर पेटीत हाय. इस्त्री करून ठिवते."

पुढचे आठ दिवस आबाजींना झोप लागली नाही. डोळा लागला की चिमाजी घासणी घेऊन समोर उभा. पुण्याहून कुणी सल्लागार बोलावला. त्यानं आवार फिरून पाहिलं, चहा घेतला आणि तेल वेगळं काढण्याच्या यंत्राचा आकडा सांगितला. आबाजींनी मनातल्या मनात त्या आकड्याची जमीन केली, तर हायवेला लागून असलेले चार गुंठे झाले. त्यांनी सल्लागाराला दुसरा चहा दिला नाही.

"आबा, एवढं काही लागत नाही," तो गेल्यावर दिपाली म्हणाली. "पाऊस वाईट नाही. पाऊस पडायच्या आधी आवारात जे पडलेलं असतं ते वाईट. ते आधीच उचललं तर पाण्याबरोबर जाईल काय?"

तिनं सांगितलेलं सगळं इतकं साधं होतं की आबाजींना ते खोटं वाटलं. पिंपं आणि भंगार उघड्यावर ठेवायचं नाही, वर छप्पर करायचं. तेल सांडलं की पाणी मारायचं नाही, लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्यायचं. रोज कोरडा झाडू मारायचा. आणि ढाळ जिथं संपतो तिथलं काँक्रीट फोडून लांबट चर खणायचा, त्यात खडी-वाळू घालायची, कर्दळ आणि लव्हाळा लावायचा, म्हणजे पाणी गाळत गाळत, दमानं पुढं जाईल. चराच्या तोंडाशी नारळाच्या शेंड्यांची पोती. शेंडी तेल धरून ठेवते. तेलकट पोती पुढं घातक कचरा नेणाऱ्या गाडीत द्यायची, ती सोय दिपाली कंपनीच्या ओळखीतून करणार होती.

"ढाळ फोडायचा?" आबाजींनी एवढंच विचारलं. बाकीचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पण घासणी आठवली आणि त्यांनी स्वतःच पहार उचलली. नारळाच्या शेंड्या भैरवनाथाच्या देवळामागं ढिगानं पडलेल्या होत्या. छपराला काय घालायचं, हा प्रश्न गावातल्या फ्लेक्सनी सोडवला. चिमाजींचा मुलगा अजिंक्य हा करंजवाडीचा भावी सरपंच. गेली सहा वर्षं तो भावीच होता, आणि दर वाढदिवसाला चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागत. उतरवलेले फ्लेक्स गावात कुणाच्या कडब्यावर, कुणाच्या कोंबड्यांवर पांघरलेले दिसत. आबाजींनी त्यातले भरपूर गोळा केले. पिंपांवर ओळीनं अजिंक्य हसू लागला.

एक फ्लेक्स उरला. आबाजींना कुठलीही वस्तू वाया गेलेली सहन होत नसे. शिवाय ते घाण पाणी आपल्या जमिनीत मुरणार, ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती. सून ड्यूटीवर गेल्यावर त्यांनी तो फ्लेक्स गुपचूप चराच्या तळाला अंथरला आणि वर खडी ओतली. पहिल्याच पावसात चर तुंबला. पाणी ना मुरलं ना पुढं गेलं. ते फिरून आवारात आलं आणि लेथवाल्या उद्धवरावांची स्कूटर सीटपर्यंत बुडाली. मग खडी सरकली आणि तळातून अजिंक्य हळूहळू वर आला, हात जोडून, 'आपला विश्वास हीच माझी ताकद' असं म्हणत.

"मालक, भावी सरपंच तरंगायलेत!" उद्धवराव ओरडले. ते लातूरकडचे, आबाजींचे सगळ्यात जुने भाडेकरू. माणूस भोळा, आणि मालकाला जगातलं सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत.

दिपालीनं संध्याकाळी येऊन तो प्रकार पाहिला. सासऱ्यावर हसायचं नसतं म्हणून ती गाळ्याच्या मागं जाऊन हसून आली. फ्लेक्स निघाला, चर पुन्हा भरला गेला, आणि श्रावण सरताना कर्दळीनं मूळ धरलं. आता पाऊस पडला की आबाजी चराच्या शेवटाला जाऊन बसत आणि ओंजळीत पाणी घेऊन पाहत. ते पाणी काही गंगाजल नव्हतं, पण त्याच्यावर रंग नव्हते. पाहुण्यांना आता चहाच्या आधी चर दाखवला जाऊ लागला. त्यातले बरेच जण आधी ढाळ पाहून गेलेले होते, पण बिचारे काही बोलले नाहीत.

आणि तरीही ओढ्यावर तवंग दिसत होताच. पूर्वीपेक्षा बारीक, पण होता. सासरा-सून पुन्हा छत्र्या घेऊन निघाले. या वेळी तवंग पलीकडच्या काठाच्या मोरीतून येत होता. तिच्या गटारानं वर गेले तर शेवटी चिमाजींच्या गाळ्यांचं फाटक आलं.

आबाजींना वाटलं, तिथंच पेढे वाटावेत.

"आता सांगतो त्याला," घरी येताना ते तरुणासारखे चालत होते. "घासणी आणतो म्हणतो काय! त्याच्याच घासणीनं घासतो."

"आणि आपलं तेल, आबा?"

"आपलं कुठाय आता? आण काय हाय, ज्याचं त्याल. आता त्याल कुणाचं? चिमाचं."

"आषाढात कापशाला लागलं ते?"

आबाजींनी छत्री उगाचच दुसऱ्या हातात घेतली. "त्या टायमाला त्याचंबी आसंलच की," ते म्हणाले.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. दुपारी तो थांबला आणि सगळा गाव ओढ्यावर जमला. आदल्या दिवशीच शिंगं रंगवलेले बैल धुण्यासाठी काठावर ओळीनं उभे होते, सगळ्यात पुढं कापशा. आबाजी शालनबाईंनी हातात ठेवलेलं नवंकोरं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून आले होते. मानकरी म्हणून सजले असतील, असं लोकांना वाटलं. चिमाजीही पांढऱ्याफेक कपड्यांत होते आणि हातात कोरी काथ्याची घासणी होती.

"आबा, चोर घावला का न्हाई?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"घावला," आबाजी म्हणाले.

गाव पुढं सरकला. चिमाजींच्या हातातली घासणी जराशी खाली आली. पलीकडच्या मोरीकडं त्यांचे डोळे गेले आणि लगेच परत आले. म्हणजे चिमाला माहीत हाय! आबाजींना तो क्षण गुळासारखा लागला. तो जिभेवर घोळवावा म्हणून ते थोडं थांबले, आणि तिथंच घात झाला.

पुलावरून एक हातगाडी येत होती. गाडीवर चराच्या तोंडची काळी, तेलानं निथळणारी पोती आणि त्यांना झेंडूच्या माळा. मागून उद्धवराव आणि गाळ्यांतली सगळी कामगार मंडळी. उद्धवरावांच्या गावचा पोळा श्रावणातच होऊन गेला होता आणि ओव्हरटाइममुळे त्यांना जाता आलं नव्हतं. म्हणून ते मालकाच्या पोळ्याला आले होते, आणि मालकाची करामत गावाला दाखवावी म्हणून पोती घेऊन आले होते.

"मालक!" ते लांबूनच हात हलवत ओरडले. "बघा ओ गावकरी, आमच्या मालकाच्या आवारातून किती ऑईल..."

"माझं त्याल व्हतं!" आबाजी ओरडले.

खरं बोलायची एवढी घाई करंजवाडीत आजवर कुणी केली नसेल. सगळा गाव वळून त्यांच्याकडं पाहू लागला. आता तोंडातून गेलंच आहे म्हटल्यावर आबाजींनी बाकीचंही सांगून टाकलं. ढाळ, गटार, फाटकावरची पाटी, सगळं. "माझ्या बैलाला मीच काळा केला," ते म्हणाले. सांगून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. चिमाजीचं नाव घ्यायचं राहून गेलं, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा काठ हसला. "आधी मालक!" पोरांनी आरोळी दिली. आबाजी चपला काढून कमरेइतक्या पाण्यात उतरले. चिमाजी काठाच्या दगडावर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी चुलतभावाची पाठ घासायला घेतली. इतक्या वर्षांचं उट्टं ते एका घासणीत काढत होते. आबाजी आई गं, आई गं करत होते, शालनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि धोतर मात्र नुसतंच मातकट झालं होतं, काळं नव्हे. लोक वाकून वाकून पाहत होते.

तेवढ्यात आबाजींना तो दिसला. पलीकडच्या मोरीतून एक लांबट रंगीत पट्टा निघाला होता, दुपारच्या पावसाचा. तो हळूहळू वाहत त्यांच्याकडंच येत होता. आणखी थोडा पुढं आला की साऱ्या गावाला दिसणार होता. मोरी कुणाच्या बाजूची, हे करंजवाडीत सांगावं लागत नाही.

बोट दाखवायचा अवकाश होता. पण त्यांच्या पाठीची सालटं निघत होती आणि शंभर माणसं हसत होती. ते कसं लागतं, हे आबाजींना या घटकेला गावात सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि धुवायचं निमित्त करून त्या पट्ट्यावर पसरलं. पट्टा उपरण्यात शिरला. पांढऱ्या कापडाला काळा डाग चढत गेला.

"बघा, आजून निघतंय आबाचं त्याल!" काठावरून कुणीतरी ओरडलं.

"निघतंय," आबाजी म्हणाले.

पाठीवरची घासणी थांबली. चिमाजींनी उपरणं पाहिलं, मग ते मोरीकडं पाहत राहिले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"आबा," ते हळूच म्हणाले, "हे तुझं न्हाई."

"गप घास," आबाजी म्हणाले. "लोक बघत्यात."

चिमाजी उठले. त्यांनी टोपी काढून अजिंक्यच्या हातात दिली. भावी सरपंचाला काही कळायच्या आत त्याचा बाप पांढऱ्याफेक कपड्यांनिशी पाण्यात उतरला आणि घासणी त्यानं आबाजींच्या हातात ठेवली.

"मालक, तुमच्यासारखा चर ह्यांनाबी खणून द्यायचा का?" उद्धवरावांनी काठावरून विचारलं.

"देऊ की," आबाजी म्हणाले, आणि त्यांनी घासायला सुरुवात केली. आधी हळू घासणार होते, पण आषाढातली म्हस आठवली.

मग काठावर एकेकाला आपापलं आवार आठवलं. करंजवाडीत गाळे नाहीत असं घर विरळा. लोक इकडं तिकडं, आभाळाकडं, एकमेकांच्या पायांकडं पाहू लागले. शेवटी दूध डेअरीच्या म्हाताऱ्या सुभद्राबाईंचा थोरला मुलगा खाकरला आणि त्यानं चपला काढल्या. त्याच्या मागं आणखी एक उतरला, आणि मग आणखी एक.

त्या साली करंजवाडीचा पोळा फार उशिरा निघाला. दिवे लागले तरी कापशा रंगवलेल्या शिंगांनिशी काठावर उभा होता आणि त्याच्यामागं गावचे सगळे बैल. कुणालाच घाई करता येत नव्हती. मालक अजून धुऊन व्हायचे होते.